रेफ्युजियम असलं तरी पाणी बदलावंच लागतं

समुद्री टँकला जोडलेली फिल्टरची टाकी म्हणजे संप, आणि त्यात शेवाळ वाढवायला राखलेला कप्पा म्हणजे रेफ्युजियम. समुद्री टँक ठेवणाऱ्यांमध्ये त्याबद्दल एक सल्ला हातोहात फिरतो. तो थोडक्यात असा: 'संपमध्ये रेफ्युजियम करा, मूठभर शेवाळ टाका, वर कुठलाही दिवा लावा. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर येतं. पाणी बदलायची गरज नाही, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढून टाका, मँडरिन माशाला खाणं आपोआप मिळतं. शेवाळ कुठल्याही किनाऱ्यावरून आणा आणि नंतर त्याला हात लावू नका.' नव्याने टँक लावणाऱ्याला हे हवंहवंसं वाटणारच, कारण मिठाचा, आरओच्या पाण्याचा आणि बादल्या उचलण्याचा सगळा व्याप यात वाचतो. मी स्वतः रेफ्युजियम वापरतो आणि ते काढायचा विचारही माझ्या मनात येत नाही. पण या सल्ल्यावर विसंबून उपाशी मेलेले मासे मी पाहिले आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. शेवाळ पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषतं आणि आपल्या अंगात साठवतं. टेस्ट किटवर आकडा उतरतो, पण माल टँकमध्येच असतो. कीटोमॉर्फा (थोडक्यात कीटो) या धाग्यांसारख्या शेवाळाचा गोळा वाढत गेला की आतल्या भागाला उजेड मिळत नाही. तो भाग पिवळा पडतो, कुजतो आणि घेतलेलं सगळं पाण्यात परत सोडतो. तुम्ही गोळ्याचा भाग काढून टँकबाहेर टाकता तेव्हाच घाण खऱ्या अर्थाने बाहेर जाते. मी साधारण दोन आठवड्यांनी अर्धा गोळा काढतो. हात न लावलेलं रेफ्युजियम म्हणजे न उपसलेली विहीर.

आता 'शून्या'बद्दल. रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या टँकमध्ये, शून्य हे ध्येयच नव्हे. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतात. दोन्ही संपले की प्रवाळ फिकट पडतं, आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेले चिकट धागे पसरू लागतात. डायनोफ्लॅजेलेट नावाचे हे सूक्ष्मजीव घालवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. माझ्याकडे नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान असलं की मी निर्धास्त असतो.

शिवाय दोन्ही आकडे बरोबरीने उतरतील ही अपेक्षाच चुकीची आहे. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी 1983 साली समुद्रतळाच्या वनस्पतींमधलं कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण मांडलं: 550 : 30 : 1. हे अणूंचं प्रमाण आहे. टेस्ट किटच्या भाषेत आणलं, तर 0.1 पीपीएम फॉस्फेट उचलताना शेवाळ सुमारे 2 पीपीएम नायट्रेट खातं. आता समजा तुमच्या टँकमध्ये फॉस्फेट 0.3 आणि नायट्रेट फक्त 2 आहे. नायट्रेट आधी संपतं, शेवाळाची वाढ थांबते आणि सुमारे 0.2 फॉस्फेट तसंच उरतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. कीटो पांढरं पडून विरघळू लागलं. मला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून मी दिवा वाढवला आणि ते आणखी लवकर गेलं. शेवटी मोजून नायट्रेट घालावं लागलं, तेव्हा कुठे उरलेल्या गोळ्याला हिरवा रंग चढला.

पाणी बदलण्याचा हेतू नायट्रेट कमी करणं एवढाच नसतो. प्रवाळ कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटं) सतत वापरतं, आणि रेफ्युजियम त्याची भरपाई करत नाही. उलट शेवाळ स्वतःसाठी लोह, मँगनीज, आयोडीन उचलतं. वाढताना ते पाण्यात सेंद्रिय द्रव्यंही सोडतं. टँकच्या एका टोकाकडून पाहिल्यावर पाण्याला पिवळसर झाक दिसते ती त्यांची. ती घालवायला फिल्टरमधला सक्रिय कार्बन लागतो, ताजं पाणी लागतं. दर दोन आठवड्यांना दहा टक्के पाणी मी आजही बदलतो.

स्किमरचंही तेच. अन्नाचे आणि विष्ठेचे अंश कुजायच्या आधीच तो फेसातून बाहेर काढतो, आणि पाण्यात हवाही मिसळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही हवा लाखमोलाची असते, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

'कुठलाही दिवा' चालत नाही. तांबडा प्रकाश भरपूर असलेला, झाडांसाठीचा जोरकस दिवा घ्या आणि तो रात्री, मुख्य टँकचे दिवे विझल्यावर लावा. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलं की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पहाटेपर्यंत पीएच घसरतो. रेफ्युजियममधलं जागं शेवाळ ही घसरण बरीच सावरतं.

मँडरिनबद्दलचा दावा मला सगळ्यात जास्त सलतो. हा निळ्या-नारिंगी नक्षीचा मासा दिवसभर खडकांवर टिपत फिरतो, आणि टिपतो ते मुख्यतः कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव (थोडक्यात पॉड). समुद्रातून पकडलेले बहुतेक मँडरिन गोठवलेल्या अन्नाकडे बघतही नाहीत. रेफ्युजियममध्ये पॉड झाले म्हणजे माशाच्या तोंडी पोचले असं नाही. ते परतीच्या पंपाने वर यावे लागतात. रेफ्युजियमचं पाणी फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) किंवा स्किमरच्या कप्प्यातून जात असेल, तर पॉड तिथेच अडकतात. म्हणून पाण्याच्या वाटेत रेफ्युजियम या दोन्हींच्या नंतर आणि पंपाच्या लगेच आधी हवं. मासा आणण्याआधी काही महिने जाऊ द्या. मग दिवे विझल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन मुख्य टँकची काच बघा. पांढरे ठिपके सरसर पळताना दिसले पाहिजेत, चार-दोन नव्हे, मोजता येणार नाहीत इतके. नसतील तर मासा दुकानातच राहू द्या. उपाशी मँडरिन कित्येक दिवस ठीकठाक दिसतो. पोट आत गेलेलं लक्षात येईतो बहुधा वेळ निघून गेलेली असते.

राहिलं किनाऱ्यावरचं शेवाळ. कोकणातल्या खडकांवर उल्वा आणि सरगॅसम पुष्कळ दिसतं, पण त्यासोबत खेकडे, अळ्या आणि खाडीतलं प्रदूषण घरी येतं. सोबत प्रवाळ तर अजिबात उचलू नका: प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि ते आणणं गुन्हा आहे.

कॉलर्पा नावाचा शेवाळाचा प्रकार मिळाला तरी नवख्याने घेऊ नये. एवढा पसरणारा हा जीव म्हणजे एकच प्रचंड पेशी असते. बीजपेशी सोडायची वेळ आली की तो एका रात्रीत पांढराफटक होतो, पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन कोसळतो. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा टँकमध्ये वाढलेला वाण 1984 मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळला आणि भूमध्य समुद्रात पसरत गेला. कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात तो 2000 साली सापडला, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून तो मारावा लागला. निर्मूलन झाल्याचं जाहीर व्हायला 2006 उजाडलं. तेव्हा काढलेलं शेवाळ, मग ते कुठलंही असो, गटारात किंवा खाडीत टाकू नका. मी ते गोड्या पाण्यात रात्रभर भिजवतो, गच्चीवर कडकडीत वाळवतो आणि कुंडीत घालतो.