निर्वासितांचे फुटबॉल संघ आणि ‘मिसळून न जाण्याचा’ आरोप

निर्वासितांनी हरवलेल्या मुलखाच्या नावाने फुटबॉल संघ काढले की ते नव्या देशात मिसळत नाहीत, खेळात राजकारण आणतात आणि वर हरतातच, असे विधान अलीकडे वारंवार पुढे केले जाते. त्यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही.

मिसळून न जाण्याचा आरोप सर्वाधिक पसरलेला आहे, म्हणून आधी तो घेऊ. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर इस्तंबूलहून आलेल्या ग्रीकांनी १९२४ साली अथेन्समध्ये एईके आणि १९२६ साली थेसालोनिकीत पाओक हे क्लब उभे केले. दोन्हींच्या बोधचिन्हावर बायझंटाइन परंपरेतला, म्हणजे इस्तंबूल राजधानी असलेल्या जुन्या ग्रीकभाषक साम्राज्याचा, दोन डोक्यांचा गरुड आहे. पाओकच्या गरुडाचे मिटलेले पंख मागे राहिलेल्या शहराचा शोक सांगतात. तो शोक छातीवर बाळगूनच हे दोन्ही क्लब ग्रीसचे लीगविजेते झाले. चिलीतील पॅलेस्टिनो हा क्लब १९२० साली पॅलेस्टिनी स्थलांतरितांनी स्थापन केला. (हे सगळे निर्वासित नव्हते, कारण त्यांतले बरेचसे ऑटोमन काळातच निघून आलेले होते, आणि हा फरक लक्षात ठेवायला हवा.) १९७८ साली त्याने चिलीची लीग जिंकली, तेव्हा संघाचा कणा होता एलियास फिगेरोआ हा चिलीचा सर्वश्रेष्ठ मानला जाणारा बचावपटू. ज्या क्लबला यजमान देशाचा सर्वांत मोठा खेळाडू आपला मानतो, त्याला अलिप्त कसे म्हणायचे?

खेळात राजकारण येते, हे खरे आहे. प्रश्न एवढाच, की ते आणतो कोण. २००१ साली तिबेटी निर्वासितांचा संघ कोपनहेगनमध्ये ग्रीनलँडशी खेळणार होता, तेव्हा सामना होऊ नये म्हणून दबाव आला तो चीनकडून; खेळाडूंना फक्त मैदानात उतरायचे होते. पॅलेस्टिनोने मात्र २०१४ साली जर्सीवरील ‘१’ हा आकडा १९४८ पूर्वीच्या पॅलेस्टाईनच्या नकाशाच्या आकाराचा केला आणि दंड ओढवून घेतला. ते उघड राजकीय विधान होते, हे मान्य करायलाच हवे. पण ज्यांच्या गावांवरून सीमा सरकल्या, त्यांच्याकडूनच नकाशाबद्दल मौनाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला हरण्याचा मुद्दा. ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात हिंदी महासागरातील चागोस बेटांवरून हुसकावून लावलेल्या लोकांचा संघ २०१६ च्या कोनिफा विश्वचषकात, म्हणजे फिफाबाहेरील संघांच्या स्पर्धेत, दणकून हरला. तरीही जी बेटे लष्करी तळासाठी रिकामी केली गेली, त्यांचे नाव गुणफलकावर लागले, आणि तो संघ तिथे गेला होता तो त्यासाठीच.