दोऱ्याचे आवळे

आमच्या अंगणातल्या आवळीला परवा एकदाचे आवळे लागले. सात. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले.

कार्तिक शुद्ध नवमी. आवळीखाली जेवायचं म्हणून अकरा बायका डबे घेऊन दारात हजर. गावातली जुनी आवळी रस्ता रुंद करताना गेली, उरली ती माझी, पाच वर्षांची, निपुत्रिक. फळाशिवाय पूजा कशी करायची, यावर कुजबुज झाली आणि माझ्याच बायकोनं बाजारचे आवळे फांदीला बांधले. फोटो निघाले, मोहल्ल्याच्या ग्रुपवर गेले. पत्रावळी मी उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारचे काका फाटकात. हा वरुड-मोर्शीकडचा मुलूख; इथं पोरगं बाराखडीआधी संत्र्याचं कलम ओळखतं. काकांच्या लेखी संत्रा हेच झाड, बाकीची त्याची बिघडलेली भावंडं.

"वा गुरुजी! बहार धरला म्हना!"

"बांधलेत, काका."

त्यांनी फांदी खाली ओढली. दोरा पाहिला. मग गाठ पाहिली, वीज मंडळाच्या माणसानं मीटरचं सील पाहावं तशी.

"काहून बांधले?"

"पूजेसाठी."

"बरं. ताण देल्ला होता का?"

"काका, ही संत्री नाही."

"झाड तं हाय ना जी? उपाशी ठेवल्याबिगर देते का कोनी फळ? मृग बहार पाह्यजे तं उन्हाळ्यात पानी तोडा, आंबिया बहार पाह्यजे तं हिवाळ्यात तोडा. तुम्ही तं रोज बादलीनं पाजता. हे झाड हाय का जावई?"

आता गप्प बसणं मला पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत कधी जमलं नाही. मी सांगितलं, की आवळ्याला वसंतात फुलं येतात, धरलेलं फळ उन्हाळाभर झोपून राहतं आणि पावसाळ्यात फुगतं. शिवाय एकाच जातीचं एकटं झाड नीट फळत नाही, शेजारी दुसरी जात लागते. म्हणून माझ्या चकैया जातीच्या कलमाजवळ मी 'कृष्णा' जातीचा लावला होता. तो बकरीनं खाल्ला. (बकरी कोणाची, हे काकांना माहीत आहे. मलाही आहे.)

काका ऐकत नव्हतेच. ते उकिडवे बसून बुडाजवळची माती बोटानं उकरत होते. जमिनीपासून वीतभर वर एक वाळका ठुंठ निघाला, त्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा अजून चिकटलेला.

"गुरुजी, हे तुमचं कलम."

"आणि हे झाड?"

"हा खुंट हाय, ज्याच्यावर कलम बांधतेत ते बियाचं रोप. खालून फुटला. कलम कवाच मेलं तुमचं."

पहिल्या उन्हाळ्यात रोप वाळलं होतं आणि पावसाळ्यात खालून कोंब फुटला, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. कलम तीन-चार वर्षांत फळतं, बियांचं झाड सात-आठ वर्षं घेतं, वर फळं सुपारीएवढी. नर्सरीवाल्यानं एकशेवीस रुपये घेताना "खालचा कोंब खुडत राहा" एवढं एक वाक्य फुकट दिलं असतं, तर त्याचं काय गेलं असतं? पेढे मात्र मीच आणले होते, ते कोणावर ढकलू?

काका उठले, गुडघे झटकले. "लटकून लटकून खराब होतीन हे," म्हणत त्यांनी सातातले पाच आवळे सोडून खिशात घातले. दोन देवासाठी ठेवले.

दुपारी ग्रुपवर काकांचा फोटो आला. ताटलीत पाच आवळे, मीठ लावलेले. खाली लिहिलं होतं: गुरुजींच्या घरचे. जरा तुरटच हाय.