प्रजाती ओळखणाऱ्याचं श्रेय कुठे मोजायचं?

संशोधकाचं काम शोधनिबंधांच्या आणि उद्धरणांच्या (इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या) संख्येवरून जोखावं का, हा प्रश्न सूक्ष्मजीवाश्मांच्या क्षेत्रात फारच टोकदार होतो. ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही फोरामिनिफेराची, म्हणजे कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची, एक प्रजाती घ्या. तिच्या नावापुढे आजही 'डॉर्बिनी, 1826' असं, म्हणजे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष, लिहितात. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात तिचं प्रमाण किती, यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सूनचा जोर ताडता येतो, कारण पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर आलं की ती भरभरून वाढते. इतकं काम या एका नावावर उभं आहे, पण मूळ वर्णन बहुतेकदा संदर्भसूचीत नसतं. म्हणजे उद्धरण शून्य!

डॉर्बिनीचं सोडा, त्याला आता फरक पडत नाही. (त्याने तर या एकपेशीय जीवांना शिंपल्या-माखुळांच्या कुळात टाकलं होतं. 1835 मध्ये दुजार्दैं या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं.) मला काळजी वाटते ती आज सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशाने एकेक कवच उचलून ओळखणाऱ्या तरुण मुलामुलींची. प्रजाती ओळखण्यात त्यांची चूक झाली तर पुढची सगळी गणितं चुकतात. शोधनिबंधात कुणी काय काम केलं हे नोंदवायच्या 'क्रेडिट' या प्रमाणित यादीत 14 भूमिका आहेत, निधी मिळवणं त्यात वेगळं मोजलं जातं, प्रजाती ओळखणं नाही. माझ्या मते पंधरावी भूमिका त्यासाठी हवीच, आणि प्रजातीचं मूळ वर्णन संदर्भसूचीत देणं नियतकालिकांनी सक्तीचं करावं.