सॅम मिल्स आणि 'सहानुभूतीची मतं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू सॅम मिल्स याच्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. एनएफएलमधल्या, म्हणजे तिथल्या मुख्य लीगमधल्या, बारा हंगामांत त्याच्या नावावर फक्त साडेवीस सॅक आहेत (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने, आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकण्याआधी त्याला मागेच लोळवणं). सुपर बोल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा सामना, एकही जिंकलेला नाही. न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये नऊ वर्षं खेळून प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना त्याने जिंकला नाही. दोन विजेतेपदं आहेत, तीही यूएसएफएल या दुय्यम लीगमधली. म्हणून तुमचा निष्कर्ष असा, की २०२२ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, जिथे मतदानाने निवड होते) नेलं ते त्याच्या कर्करोगाने आणि 'कीप पाउंडिंग' (घाव घालत राहा) या घोषणेने, खेळाने नव्हे. आणि मीही त्याच भावनेच्या भरात लिहिलं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तोच मला सगळ्यात जास्त लागला.

मिल्स १९९७च्या हंगामानंतर निवृत्त झाला. १८ एप्रिल २००५ रोजी वयाच्या ४५व्या वर्षी तो गेला. त्या वेळी शार्लट, त्याच्या शेवटच्या संघाचं म्हणजे कॅरोलायना पँथर्सचं शहर, अक्षरशः रडत होतं, आणि सहानुभूतीची लाट म्हणतात ती असेल तर तेव्हाच होती. मतं तिच्यावर मिळायची असती तर २००६ किंवा २००७ साली मिळाली असती. प्रत्यक्षात अंतिम यादीत त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते २०२० साली, म्हणजे मृत्यूला पंधरा वर्षं होत आली तेव्हा. निवड झाली २०२२ साली, आणि नेहमीच्या यादीतून निवडलं जाण्याचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी नाव आलं नसतं तर त्याला जुन्या खेळाडूंच्या वेगळ्या रांगेत जाऊन पुन्हा वाट पाहावी लागली असती. दयेपोटी इतका उशीर होत नाही. उशीर झाला याचं कारण, तुम्ही आकड्यांचा जो तक्ता पाहून मिल्सला मोजताय, तोच तक्ता मतदारही वर्षानुवर्षं पाहत होते.

त्या तक्त्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. सेंट्सची बचावाची रचना ३-४ होती, म्हणजे पुढे तीन धिप्पाड खेळाडू आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. कडेचे दोघे, रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग, यांचं मुख्य काम क्वार्टरबॅकवर तुटून पडणं. आतले दोघे, वॉन जॉन्सन आणि मिल्स, यांचं काम धावत येणारा खेळाडू मधल्या फटीतच अडवणं. स्विलिंगने १९९१ साली १७ सॅक घेतले आणि तो लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ते त्याचं कर्तृत्व आहेच. पण दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्या दोन प्रयत्नांत प्रतिस्पर्ध्याला मधून धावून काहीच मिळालं नाही, की तिसऱ्या प्रयत्नाला चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आता पास (फेकलेला चेंडू) येणार हे कडेच्या लाइनबॅकरला ठाऊक झालेलं असतं, आणि मग तो बेधडक सुटतो. पहिल्या दोन प्रयत्नांतल्या त्या खणखणीत कामाची नोंद सॅकच्या रकान्यात कुठेच होत नाही. टॅकलचे, म्हणजे चेंडूवाल्याला पाडण्याचे, आकडेसुद्धा त्या काळी प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीने मोजायचा. सॅक मोजून आतल्या लाइनबॅकरची किंमत करणं म्हणजे यष्टिरक्षकाची किंमत त्याने गोलंदाजी करून घेतलेल्या बळींवरून करणं आहे.

१९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमध्ये सर्वांत कमी गुण सेंट्सनी दिले. १९९२च्या हंगामातल्या कामगिरीवर हे चारही लाइनबॅकर एकाच वेळी प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये या चौकडीला 'डोम पट्रोल' म्हणत, आणि आजही म्हणतात.

आता उंची. तुम्ही लिहिलंय की पाच फूट नऊ इंचांच्या माणसाचं कौतुक करताना मी 'बिचारा बुटका' असा सूर लावला. तसा सूर लागला असेल तर ती माझ्या लिहिण्यातली चूक. मला म्हणायचं होतं ते उलट आहे. १९८१ साली क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्याला सराव शिबिरातून घरी पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोरोंटो आर्गोनॉट्सनीही तेच केलं. मग तो न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये फोटोग्राफी शिकवू लागला आणि संध्याकाळी तिथल्या मुलांचा फुटबॉलचा सराव घेऊ लागला. त्याला नाकारणाऱ्यांनी फूटपट्टी पाहिली. पण आतल्या लाइनबॅकरसमोर उभा असतो तो प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणफळीतला दीड माणसाएवढा गार्ड, आणि त्या धडकेत ज्याचा खांदा खाली त्याचा जोर जास्त. आपल्याकडे आखाड्यात पटात शिरणारा पैलवान जसा समोरच्याच्या उंचीचाच फायदा घेतो, तसं. मिल्सला वाकावं लागतच नव्हतं, तो मुळात खालीच होता. गेल्या हिवाळ्यात त्याचे जुने सामने पाहताना मी चेंडू सोडून फक्त ५१ नंबरवर, म्हणजे मिल्सच्या जर्सीवर, नजर ठेवली. गार्डचं पहिलं पाऊल पडायच्या आत हा माणूस योग्य फटीत पोहोचलेला असे. हे डोळ्यांचं आणि डोक्याचं काम आहे. सगळीकडून नकार मिळालेल्या माणसाने हे कसं कमावलं असेल, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

यूएसएफएलबद्दल तुमचं थोडं मान्य. ती लीग एनएफएलच्या तोडीची होती असं मी लिहिलं, ते जास्त झालं. संघ कमीजास्त ताकदीचे होते, पैशाची बोंब होती, आणि तीन हंगामांत कारभार आटोपला. तिने एनएफएलवर भरलेल्या खटल्यात ज्युरीने १९८६ साली यूएसएफएलच्या बाजूने कौल दिला खरा, पण भरपाई ठरवली एक डॉलर. तरीही तिथे रेगी व्हाइट, स्टीव्ह यंग, जिम केली, हर्शेल वॉकर खेळत होते, हेही विसरून चालणार नाही. मिल्सचा फिलाडेल्फिया स्टार्स, जो पुढे बाल्टिमोरला गेला, तिन्ही वर्षं अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोनदा जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक जिम मोरा १९८६ साली सेंट्सकडे आले आणि मिल्सलाही सोबत घेऊन आले. १९६७पासून सेंट्सनी एकाही हंगामात हारजितीचा हिशेब नफ्यात आणला नव्हता. १९८७ साली ते १२-३ (बारा विजय, तीन पराभव) झाले. आपण शिकवलेल्या खेळाडूंमध्ये सर्वोत्तम म्हणून मोरा मिल्सचं नाव घेत.

प्लेऑफचा मुद्दा खरा आहे. १९८७, १९९०, १९९१, १९९२. चार वेळा गेले, चारही वेळा पहिल्याच सामन्यात हरले. ही खंत त्या चौघांच्या वाट्याला आली आणि ती पुसता येणार नाही.

पण तुमच्या हिशेबात कॅरोलायना पँथर्सची तीन वर्षं जवळजवळ नाहीतच. १५ ऑक्टोबर १९९५ घ्या. संघाचा पहिलाच हंगाम आणि पाचही सामने हरलेले. शार्लटचं मैदान तयार व्हायचं होतं म्हणून घरचे सामने क्लेम्सनला होत. समोर न्यू यॉर्क जेट्स. त्यांच्या बबी ब्रिस्टरने जवळच्या जवळ, खालून चेंडू सरकवायचा प्रयत्न केला. मिल्सने तो मध्येच हातात घेतला आणि ३६ यार्ड धावत प्रतिस्पर्ध्याच्या टोकाशी पोहोचून थेट टचडाउन केला. पँथर्सच्या इतिहासातला तो पहिला विजय. पुढच्या वर्षी हा नवखा संघ १२-४ झाला, प्लेऑफमध्ये आदल्या हंगामातल्या विजेत्या डॅलस काउबॉइजना हरवून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे) पोहोचला, आणि ३७ वर्षांचा मिल्स ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात निवडला गेला. त्या वयात बहुतेक लाइनबॅकर मैदान सोडून दहा वर्षं झालेली असतात. १८१ सामने, त्यातले १७३ सुरुवातीपासून, पाच प्रो बोल. भावनेला हात न लावता एवढं पुरेसं आहे.

आणि भावनेचं म्हणाल, तर ती 'कीप पाउंडिंग' घोषणा त्याने मत मागण्यासाठी दिली नव्हती. २००३च्या ऑगस्टमध्ये आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तो पँथर्सच्या लाइनबॅकरांचा प्रशिक्षक होता. उपचार चालू असताना तो कामावर येत राहिला. जानेवारी २००४मध्ये डॅलसविरुद्धच्या सामन्याआधी तो खेळाडूंशी बोलला : माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, सोडून देणं किंवा घाव घालत राहणं, आणि मी घाव घालत राहिलो. संघ तो सामना २९-१० असा जिंकला आणि सुपर बोलपर्यंत गेला, तिथे तीन गुणांनी हरला. सामन्यापूर्वी ढोल वाजवण्याची तिथली प्रथा पुढे त्याच शब्दांवरून पडली. मी स्वतः तो ढोल ऐकलाय आणि माझ्या अंगावर काटा आला होता. ते मी लपवणार नाही. पण काटा येतो म्हणून खेळ लहान होत नाही.

यूएसएफएलबद्दलचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केलं आहे आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. हॉल ऑफ फेमबद्दलचा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवतो आहे. वेळ मिळाला तर १९९२चा सेंट्सचा कुठलाही एक सामना पाहा, चेंडूकडे न बघता, नुसतं ५१कडे. मग तुम्हाला काय वाटतं ते इथेच लिहा, मी वाट पाहतो.