चक्कर येण्यावर गोळी सुरू करण्याआधी तपासणीचा आग्रह धरा

चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे गेलेला माणूस अनेकदा हातात गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परततो आणि त्याला झोपवून, मान वळवून, डोळ्यांकडे निरखून पाहण्याची साधी तपासणी झालेलीच नसते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. गरगरण्याचे सर्वांत जास्त आढळणारे एक कारण आतल्या कानात असते. ते तपासणीच्या पलंगावर काही मिनिटांत ओळखता येते आणि बऱ्याचदा त्याच पलंगावर दूरही करता येते. तरीही असंख्य लोक वर्षानुवर्षे गोळ्या घेत, मान न हलवता, एकाच कुशीवर झोपून दिवस काढतात. हे टाळता येण्यासारखे आहे असे मला ठामपणे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

शरीराचा तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळते: डोळ्यांकडून, पाय आणि मानेतील स्नायू-सांध्यांकडून आणि दोन्ही आतल्या कानांकडून. प्रत्येक आतल्या कानात एकमेकींशी जवळपास काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण्याची दिशा व वेग कळतो. या नलिकांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, ज्यांच्या भारामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा जाणवते. वाढत्या वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा कोणतेही कारण न सापडता हे स्फटिक सुटतात आणि एखाद्या नलिकेत, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, शिरतात. मग डोके स्थिर झाल्यावरही स्फटिक घरंगळत राहतात, द्रव हलत राहतो आणि मेंदूला आपण अजून फिरतच आहोत असा चुकीचा निरोप मिळतो. कूस बदलताना, पलंगावरून उठताना, वरच्या फळीवरची वस्तू काढताना सारे जग एकदम फिरू लागते आणि बहुधा एका मिनिटाच्या आत थांबते, त्याचे कारण हे आहे. या विकाराला वैद्यकात थोडक्यात ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. त्यात ऐकू येणे कमी होत नाही.

अंतर्कर्णावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रॉबर्ट बाराणी यांनी १९२१ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले होते. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तपासणीची पद्धत नीट मांडली. रुग्णाला बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवायची, त्याच स्थितीत झटकन मागे झोपवून डोके पलंगाच्या कडेखाली किंचित झुकते ठेवायचे आणि बुबुळे कशी थरथरतात ते पाहायचे. थरथरण्याच्या दिशेवरून कोणत्या कानाची कोणती नलिका हे ओळखता येते. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पुढे जॉन एप्ली या अमेरिकन कानतज्ज्ञाने डोके ठरावीक क्रमाने वळवत स्फटिक नलिकेतून परत पिशवीत आणण्याची युक्ती शोधली. इतका सोपा उपाय खरा असेल यावर सहकाऱ्यांचा विश्वास बसेना आणि त्यांचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले. आज ही क्रिया जगभर मान्य आहे. बहुसंख्य रुग्णांना ती एकदोनदा केल्यावर आराम पडतो. त्रास अनेकांना काही काळाने पुन्हा होतो हे खरे, पण तेव्हा क्रियाही पुन्हा करता येते. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते पूरक दिल्यास हा त्रास उलटण्याचे प्रमाण घटते, असेही अलीकडच्या काळात दिसून आले आहे.

माझ्या आईला हाच त्रास होता. मानेचा एक्स-रे झाला, मणके झिजल्याचे निदान झाले, गळ्यात पट्टा आला आणि गोळ्या सुरू झाल्या. तिला पलंगावर झोपवून पाहण्याचे मात्र बराच काळ कोणालाच सुचले नाही. उतारवयात मानेचे मणके थोडेफार झिजलेले बहुतेक सगळ्यांच्याच एक्स-रेत दिसतात, त्यामुळे चक्करेचे खापर मानेवर फोडणे सोपे जाते. अखेर एका कानतज्ज्ञांनी चाचणी केली, लगेच एप्लीची क्रिया केली आणि आई मोकळेपणाने कूस बदलू लागली. माझा राग त्या आधीच्या एखाद्या डॉक्टरवर नाही. तपासायला वेळ न देण्याची जी सवय सगळीकडे पडली आहे, तिच्यावर आहे.

गोळ्यांविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधे तीव्र गरगरणे आणि उलट्या काही दिवस दाबून ठेवतात आणि तेवढ्यापुरती ती मोलाची आहेत. परंतु ती नलिकेतील स्फटिक हलवू शकत नाहीत. उलट कानाच्या बिघाडाशी जुळवून घेण्याचे मेंदूचे काम ती लांबवतात. वृद्धांमध्ये त्यांनी सुस्ती येते, पडण्याचा धोका वाढतो आणि दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणेही दिसू शकतात. बीटाहिस्टीन हे फार मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे औषध आहे. मेनियर्स या आतल्या कानाच्या विकारात त्याचा नऊ महिने वापर करून पाहिलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरीही चालू असलेली कोणतीही गोळी कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून करावी.

अर्थात प्रत्येक चक्कर स्फटिकांमुळे येत नाही. म्हणूनच ती किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते हे डॉक्टरांना नेमके सांगणे फार महत्त्वाचे असते. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत गरगरणे, सोबत एका कानात दडा बसणे, आवाज येणे आणि कमी ऐकू येणे, हे मेनियर्स विकाराकडे बोट दाखवते. कित्येक दिवस अखंड गरगरणे आणि ऐकू मात्र व्यवस्थित येणे, हे तोलाच्या मज्जातंतूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. अर्धशिशी असणाऱ्यांना डोके न दुखताही चक्करेचे झटके येतात आणि हे निदान फार वेळा निसटते. उभे राहताच अंधारी येत असेल, तर झोपून व उभे राहून रक्तदाब मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण बहुधा तिथे असते आणि कित्येकदा ते रक्तदाबाच्या किंवा अन्य औषधांच्या मात्रेत सापडते.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करण्याची मुभा नाही. अचानक गरगरण्याबरोबर बोबडी वळणे, दोन-दोन दिसणे, चेहरा किंवा हातपाय लुळे पडणे, आधाराशिवाय उभे राहता न येणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी असेल, तर तो लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा पक्षाघात असू शकतो आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत अशा पक्षाघातात एमआरआयसुद्धा कधी कधी निर्दोष येतो. सतत गरगरत असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांच्या हालचालींची प्रशिक्षित डॉक्टरांनी केलेली तपासणी पहिल्या एमआरआयपेक्षा अधिक अचूक ठरू शकते, हे २००९ मध्ये दाखवून दिले गेले आहे. हातांनी आणि डोळ्यांनी केलेल्या तपासणीचे मूल्य याहून अधिक काय सांगावे?

मज्जातंतूच्या सुजेनंतर किंवा वयोमानाने तोल डळमळू लागल्यावर जो उपाय सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे व्यायाम. १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी आखलेल्या व्यायामांत नजर एका बिंदूवर ठेवून मान हलवणे, बसून-उठून पाहणे, डोळे मिटून उभे राहणे अशा पायऱ्या आहेत. त्यांच्या आधारे आजचे फिजिओथेरपिस्ट रुग्णागणिक वेगळा कार्यक्रम ठरवून देतात. घरातील माणसे काळजीपोटी वृद्धांना हालचाल करू देत नाहीत, तेव्हा मेंदूला जुळवून घेण्याची संधीच मिळत नाही आणि पायांतील बळही जाते. व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही दिवस गरगरणे थोडे वाढते. हे आधीच समजावून सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून व्यायाम सोडून देतो. म्हणून सुरुवातीला जवळ कोणीतरी उभे राहावे, भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार ठेवावा आणि व्यायाम थोड्या वेळापुरता का होईना, रोज चालू राहू द्यावा.