सर्व्हर उठला, कंटेनर ढाराढूर

गोव्यात पर्वरीला रात्रभर पाऊस, लाइट गेली-आली, आणि पहाटे पाचला फोन: "बाब, साइट परत बंद पडल्या!" सर्व्हर जागा, डॉकरची सर्व्हिस (कंटेनर सांभाळणारा प्रोग्राम) जागी, कंटेनर (ज्या डब्यांत साइट चालतात ते) मात्र ढाराढूर. ही तिसरी खेप.

पहिल्यांदा आमच्या पोराने रीस्टार्ट पॉलिसीच (बंद पडलेला कंटेनर आपोआप कधी उठवायचा तो नियम) दिली नव्हती. काही सांगितलं नाही तर ती 'नो' असते, म्हणजे उठायचं नाव नाही. मग 'आता ठीक केलं' म्हणत 'ऑन-फेल्युअर' लावलं. अरे, ते कंटेनर स्वतः एरर येऊन कोसळला तरच! सर्व्हिस रीस्टार्ट झाली तर ते ढिम्म हलत नाही. यंदा 'अनलेस-स्टॉप्ड' लावलं, आणि काल संध्याकाळी काहीतरी तपासायला कंटेनर हाताने बंद करून पठ्ठ्या घरी गेला. हाताने निजवलेलं लेकरू कसं उठेल?

'ऑलवेज' लाव रे बाबा! सर्व्हिस उठली की हाताने निजवलेलंही उठतं. 'डॉकर अपडेट' कमांडची एक ओळ, कंटेनर नव्याने बनवावाही लागत नाही. (नुसती सर्व्हिसच रीस्टार्ट करायची असेल तर लाइव्ह-रिस्टोअर ही सेटिंग आहे, कंटेनर चालूच राहतात. पण ऐकतो कोण.)

चतुर्थी तोंडावर आलीय. मी गावी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधत असेन आणि फोन वाजणार.