शोध लावायचाय? मग केळीखाली बसू नका

भाऊ, शोध लावायला प्रयोगशाळा लागत नाही, हे तुम्हाला व्हॉट्सॲपने एव्हाना शिकवलंच असेल. न्यूटन झाडाखाली बसला, टाळक्यात सफरचंद पडलं, विषय संपला. बसायला तर आपल्यालाही येतं.

अडचण झाडाची आहे. रावेर-यावलकडे बघावं तिकडे केळी, आणि केळं काही एकेक सुटून डोक्यात पडत नाही. वादळी वाऱ्यात पडते ती अख्खी बाग, घडांसकट. गुरुत्वाकर्षण एका रात्रीत हजार खोडांनी सिद्ध होतं. पण सकाळी तलाठी येतो आणि सिद्धान्ताच्या जागी पंचनामा होतो. (न्यूटनने म्हातारपणी, १७२६ साली, त्याच्या चरित्रकार मित्राला, स्टुकलीला सांगितलं ते फळ पडताना पाहिल्याचं. डोक्याचा उल्लेख नाही. आणि प्लेगच्या सुट्टीतल्या त्या विचाराचा ग्रंथ व्हायला १६८७ उजाडलं. पण हे सांगत बसलात तर चहा गार होतो.)

आर्किमिडीजचं टबस्नान भुसावळच्या मे महिन्यात करू नका. टाकीच्या त्या पाण्यात उतरल्यावर जी बोंब निघते ती ‘युरेका’ नसते.

त्यापेक्षा पेनिसिलिनवाला फ्लेमिंग सोपा. १९२८ साली बशा न धुता सुट्टीवर गेला, परत येतो तर बुरशी, आणि बुरशीभोवतीचे जंतू मेलेले. म्हणजे भांडी न घासणं हेच संशोधन! घरी म्हणून बघा. फक्त पुढचं कोणाला विचारू देऊ नका. त्या बुरशीतून शुद्ध औषध काढणं फ्लेमिंगला जमलं नाही. दहा-अकरा वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली त्यामागे लागले. भांडी पुरेनात म्हणून हीटलीने बुरशी वाढवली ती, माफ करा, दवाखान्यातल्या बेडपॅनमध्ये. १९४१ साली एका पोलिसाला ते टोचलं, तर साठा एवढा तुटपुंजा की त्याच्या लघवीतून औषध काढून पुन्हा त्यालाच दिलं. तरी बिचारा गेलाच. आता ही गोष्ट भरीत पार्टीत सांगा बरं. कळण्याची भाकरी घशाखाली उतरेल कोणाच्या?

राहिला गुडइयर, टिकाऊ रबरवाला. गंधक मिसळलेलं रबर १८३९ साली तापलेल्या चुलीवर पडलं म्हणतात, एवढंच सांगायचं. आधीची कैक वर्षं तो रबराच्याच मागे होता, कर्जापायी तुरुंगात जाऊन आला, १८६० साली मेला तोही कर्जातच. टायरची कंपनी १८९८ची, काढली दुसऱ्यांनीच, नाव तेवढं त्याचं. पण तुम्ही घाबरू नका, भाऊ. यातली कर्जाची पूर्वतयारी तुमच्या सातबाऱ्यावर आधीच झालेली आहे.